मृगाची पाखरं आणि आजीचं सूप

मृग लागला की हैदराबादेत दोन गोष्टी ठरलेल्या. एक म्हणजे बत्तिनी घराण्याच्या माशाच्या प्रसादासाठी नामपल्लीच्या नुमाइश मैदानावर लागणारी रांग. दुसरी म्हणजे पहिला दमदार पाऊस पडून गेल्यावर संध्याकाळी दिव्यांभोवती उठणारी पंखवाल्या किड्यांची झुंबड. पहिलीची बातमी सगळ्या पेपरात येते, दुसरीची कुठंच नाही. आज लिहायचंय ते दुसरीबद्दल.

तेलुगूत या किड्यांना उसिळ्ळु म्हणतात. आमच्या काचीगुड्याच्या घरात 'पावसाची पाखरं' म्हणायचे. पुष्कळांना वाटतं या पंख फुटलेल्या मुंग्या. मुंग्या नव्हेत त्या. ही वाळवी. शास्त्रज्ञ तर वाळवीला झुरळाच्या कुळात धरतात. वर्षभर वारुळात राहायचं आणि पावसानं जमीन भिजली की त्यातल्या पंख फुटलेल्या नर-माद्या एकाच वेळी बाहेर पडायच्या. थोडं उडायचं, पंख गाळायचे, जोडी जमवायची, नवं वारूळ करायचं. सकाळी उंबऱ्यावर जो अभ्रकासारखा पंखांचा कचरा पडलेला असतो, तो त्यांचाच. शंभरातली एखादी जोडी टिकली तरी पुष्कळ. बाकीची चिमण्या, पाली, बेडकं, कोंबड्या खातात. आणि माणसंही.

हो, माणसंही. तेलंगणा-आंध्रातल्या खेड्यांत, आपल्या घरांपासून फार लांब नाही, उसिळ्ळु भाजून खाणं ही जुनी रीत आहे.

आमच्याकडे सत्तरच्या दशकात भांडी घासायला ज्या बाई यायच्या त्या महबूबनगरकडच्या, म्हणजे पालमूरच्या. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. असा पाऊस झाला की अक्का थोडं थांबून जायच्या. अंगणातल्या बल्बखाली पाण्याचं घमेलं ठेवायचं आणि बाकीचे दिवे मालवायचे. पाखरं दिव्यावर येतात, पाण्यातलं प्रतिबिंब बघून खाली पडतात, ओली झाली की उडत नाहीत. अर्ध्या तासात घमेलं भरायचं. मग लोखंडी तव्यावर तेल न घालता भाजायची. त्यांच्यातच इतकी चरबी की तवा आपोआप तुळतुळीत व्हायचा. पंख सुटले की सुपात घेऊन फुंकर मारून पाखडायची. मीठ, तिखट, मूठभर मुरमुरे. झालं. वास खमंग यायचा. शेंगदाणे भाजल्यासारखा, थोडा तुपकट.

हे सगळं अंगणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात व्हायचं, कारण आजीनं तशी हद्द आखून दिली होती. आजी वाईट नव्हती. अक्कांच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू तिनंच पाठवले होते, सणाला पहिलं ताट त्यांच्या पोरांचं असायचं. पण एकदा अक्कांनी पाखरं पाखडायला आमचं सूप मागितलं, आजीनं दिलं, आणि दुसऱ्या दिवशी अक्का ते धुऊन, पुसून परत घेऊन आल्या तेव्हा आजी म्हणाली, "राहू दे, तुझ्याकडेच ठेव." अक्कांनी एक शब्द काढला नाही. सूप घेऊन गेल्या. पुढं त्या पाखरं धरायला थांबल्याचं मला आठवत नाही.

त्या सुपाबद्दल मी पुष्कळ विचार केलाय. कारण त्याच सुपात आजी वर्षभर तांदूळ-गहू पाखडायची. रेशनच्या धान्यात पोरकिडे, अळ्या, जाळी असायचीच. ते निवडून फेकायचे, धान्य उन्हात घालायचं, काम झालं. सगळे निघत असतील का? कसे निघतील? भुंग्यानं आत अंडं घातलेला दाणा बाहेरून साबूतच दिसतो. दळणात काय काय गेलं असेल ते गिरणीलाच माहीत. त्याचा विटाळ कुणी मानला नाही.

तेवढ्यावर थांबत नाही. आपल्या मराठी घरांत सोवळ्याला काय लागतं? कद, पीतांबर. म्हणजे रेशीम. रेशमाचा धागा अखंड निघावा म्हणून कोश आतल्या किड्यासकट उकळत्या पाण्यात टाकतात. हैदराबादपासून तास-दीड तासावर पोचमपल्ली आहे. तिथल्या रेशमी साड्या आपण लग्नाच्या बस्त्यात हौसेनं घेतो. सुती धोतर ओवळं आणि किडा उकळून काढलेलं रेशीम सोवळं, ही आपली व्यवस्था. पंचामृतात मध लागतो. तो मधमाशीनं पोटात साठवून आणलेला आणि परत बाहेर काढलेला रस. नल्लमलाच्या जंगलातले चेंचू जीव धोक्यात घालून कड्यांवरून मध काढतात. तो आपल्या देवघरात चालतो. चारमिनारजवळच्या लाड बाजारातल्या लाखेच्या बांगड्या नव्या नवरीच्या हातात हव्यातच. लाख म्हणजे झाडावर बसणाऱ्या बारीक किड्याच्या अंगातून पाझरलेला रस. हीच लाख शुद्ध करून गोळ्या-चॉकलेटांवर आणि औषधाच्या काही गोळ्यांवर चकाकी आणायला लावतात. पाकिटावर ई-९०४ लिहिलेलं असतं, ते हेच. आणि ई-१२० म्हणजे कोचिनील किड्यापासून काढलेला लाल रंग.

हे मी कुणाला ओकारी यावी म्हणून सांगत नाही. सांगायचंय ते एवढंच की 'किडा' म्हणून आपण सरसकट काहीच नाकारलेलं नाही. काही किडे देवघरात घेतले, काही बस्त्यात, काही औषधात. अक्कांच्या तव्यावरचे तेवढे अंगणाच्या पलीकडे ठेवले.

आता माशाच्या प्रसादाकडे येतो. दम्याच्या रुग्णाला बोटाएवढं मरळीचं जिवंत पिल्लू, तोंडात पिवळ्या औषधाची गोळी कोंबून, गिळायला देतात. घराण्याच्या सांगण्याप्रमाणे ही परंपरा १८४५ पासूनची. गुण येतो याला शास्त्रीय आधार नाही म्हणून वाद झाले, आणि पुढं 'औषध' शब्द मागं पडून 'प्रसाद' आला. शाकाहारी मंडळींना तेच गुळातून देतात. पण गुळावर समाधान न मानणारेही असतात. आमच्या नात्यातले एक काका कांदा-लसूणसुद्धा न खाणारे. पूर्वी हा प्रसाद जुन्या शहरात दूधबावलीला, त्या घराण्याच्या घरीच मिळायचा. तिथं रात्रभर रांगेत उभं राहून काका वळवळता मासा गिळून आले आणि घरी येऊन आंघोळ करून संध्येला बसले. कुणी त्यांचं ताट-वाटी वेगळी केली नाही. एकाच आठवड्यातल्या दोन गोष्टी बघा. एक काकांनी केली, एक अक्कांनी. फरक जिभेचा होता का?

आपल्या हैदराबादी मराठी लोकांचा या प्रश्नाशी जुना संबंध आहे, तो थोडा सांगतो. निजामाचं राज्य म्हणजे तेलुगू, मराठी, कानडी मुलूख एकत्र. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे त्यात होतेच, शिवाय आदिलाबादच्या जंगलपट्ट्यातही मराठी चालायची. महसुलात, शाळांत, जंगल खात्यात आपली माणसं नोकरीला होती. १९४० साली आदिलाबादच्या जोडेघाटला गोंडांचा पुढारी कुमरम भीम पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. जमीन आणि जंगल हातातून जात असल्याचा तो राग होता. त्यानंतर निजाम सरकारला जाग आली. व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ महायुद्धामुळे 'शत्रू देशाचे नागरिक' म्हणून हैदराबाद संस्थानातच अडकले होते. त्यांनी चेंचूंवर १९४३ साली आणि आदिलाबादच्या राजगोंडांवर १९४८ साली मोठे ग्रंथ काढले. मारलावाईला गोंड शिक्षकांचं केंद्र निघालं. गोंडीची पहिली वाचनपुस्तकं देवनागरीत छापली गेली, कारण शिकलेल्या गोंडांना मराठीची लिपी येत होती.

याच काळातलं आपलं मोठं नाव म्हणजे सेतुमाधवराव पगडी. बहुतेकांना ते शिवकाल आणि मोगल-मराठे इतिहासाचे अभ्यासक म्हणून माहीत. पण निजामाच्या मुलकी नोकरीत असताना ते आदिलाबादच्या गोंडांत वावरले, गोंडी शिकले आणि गोंडी भाषेचं व्याकरण लिहिलं. साहेबानं रयतेची भाषा शिकायची, ही त्या काळातली सोपी गोष्ट नव्हती. बाकीच्यांचं काय? आमचे आजोबाही त्या भागात काही वर्षं कारकून होते. त्यांच्या गोष्टींत वाघ यायचा, मलेरिया यायचा, मोहाच्या फुलांची दारू यायची. 'ते लोक काय वाटेल ते खातात' हे एक वाक्यही यायचं. काय खातात, कधी खातात, का खातात, हे कधी यायचं नाही. 'काय वाटेल ते' म्हटलं की पुढं विचारायचं राहत नाही.

विचारलं असतं तर उत्तर साधं होतं. जंगलात खाणं ऋतूप्रमाणे असतं आणि फार पारखून असतं. गडचिरोलीचं उदाहरण घ्या. गोदावरीच्या अलीकडे तेलंगणा, पलीकडे सिरोंचा. त्याच्या वरच्या अंगाला भामरागड-एटापल्लीकडे माडिया लोक झाडावर पानं शिवून घरटं करणाऱ्या लाल मुंग्यांची चटणी करतात. बस्तरमध्ये तिला चापडा म्हणतात. घरटं अख्खं उतरवायचं, मुंग्या आणि त्यांची अंडी मीठ-मिरचीबरोबर वाटायची. मुंगीच्या अंगातल्या आम्लानं चटणी आंबट होते. चिंच लागत नाही. तापात, सर्दीतही देतात. ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच 'काई' चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या लाड बाजारच्या लाखेच्या बांगड्यांनाही त्याच वर्षी मिळालं. दोन्हीकडे किडाच, एक मनगटावर, एक पाट्यावर.

टोळांचंही तसंच. आपल्याकडे शेतीच्या सहा ईतींत अतिवृष्टी-अनावृष्टीबरोबर टोळ मोजलेले आहेत. 'टोळधाड' हा शब्दच भीतीचा. पण जुन्या शहराच्या दक्षिणेला बारकस वस्ती आहे ना, निजामाच्या फौजेतल्या हद्रमौतच्या अरबांची? त्या अरबांच्या मूळ मुलखात टोळ आले की लोक पोती भरून आणायचे, उकडून, वाळवून ठेवायचे. इस्लाममध्ये टोळ हलाल आहे, ज्यूंच्या धर्मग्रंथातही काही टोळांना परवानगी आहे. पीक गेलं, निदान पीक खाणारा तरी खाऊ, असा तो सरळ हिशेब. २०२०च्या मे महिन्यात टोळ अमरावती-नागपूरपर्यंत पोचले आणि तेलंगणा सरकारनं सीमेवर पथकं बसवली, तेव्हा इकडे चर्चा झाली ती फक्त फवारणीची. ते बरोबरही होतं. फवारलेला टोळ खाणं म्हणजे विष खाणं.

आता प्रथिनांकडे येऊ. आजकाल घरोघरी जिमला जाणारी नातवंडं 'प्रोटीन किती' हेच विचारतात. गंमत म्हणजे प्रथिनांचा मोठा वाद आपल्याच गावात लढला गेला. कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला, तारनाक्याला आली; १९६९ पासून ती राष्ट्रीय पोषण संस्था. साठच्या दशकात जगभर बोलबाला होता की गरीब देशांत प्रथिनांचा दुष्काळ आहे. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या 'प्रथिन संकटा'वर अहवालच काढला. माशाची पूड, शेवाळ, पेट्रोलवर वाढवलेले सूक्ष्मजीव, काय काय सुचवलं गेलं. तेव्हा इथले संचालक डॉ. सी. गोपालन यांनी दाखवलं की इथल्या कुपोषित मुलांच्या जेवणात पहिली तूट पोटभर अन्नाचीच आहे. आणि रोमला जागतिक अन्न संघटनेत सांख्यिकीचं काम बघणारे आपले साताऱ्याकडचे डॉ. पां. वा. सुखात्मे आकडेवारी मांडून तेच सांगत होते: माणूस उपाशी असेल तर खाल्लेलं प्रथिनही शरीर सरपणासारखं जाळून टाकतं. डाळ-भाकरी पोटभर मिळाली तर बहुतेकांची प्रथिनांची गरजही भागते. पुढं किती अन्न 'पुरेसं' यावर या दोघांचे कडाक्याचे मतभेद झाले, पण या मुद्द्यावर दोघं एका बाजूला होते. इथल्या संस्थेनं कुपोषित मुलांसाठी जे मिश्रण बसवलं, ते 'हैदराबाद मिक्स', त्यात होतं काय? गहू, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, गूळ. आपल्या कोणत्याही आजीला जमेल असं.

हे कळल्यावर अक्कांच्या घमेल्याकडे बघा. मृग म्हणजे कोरडवाहू मुलखातला सगळ्यात अडचणीचा काळ. मागचं धान्य संपत आलेलं, होतं ते पेरणीला गेलेलं, नवं यायला तीन-चार महिने. नेमक्या त्या आठवड्यांत जमीन आपणहून चरबी आणि प्रथिनं वर उडवून देते, फुकट. पालमूर हा दुष्काळाचा, मजुरीला परगावी जाणाऱ्यांचा जिल्हा. तिथल्या माणसानं ही पाखरं चविष्ट मानली यात आश्चर्य ते काय? 'काय वाटेल ते' खाणं नव्हतं ते. पंचांग वाचून खाणं होतं.

आणि उपासमारीच्या खाण्याची लाज काय असते हे आपल्याला माहीत नाही असंही नाही. १९७२चा दुष्काळ आठवा. बीडकडची माझी एक मावशी तेव्हा पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची. मिळायची सुकडी आणि अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो. मिलोच्या भाकरी घशाखाली उतरत नसत, असं ती सांगायची. पण त्याहून जास्त वेळा सांगायची ते हे: "हैदराबादच्या सोयऱ्यांना बोलू नको हं, आम्ही मिलो खाल्ला म्हणून." खडी फोडल्याची लाज नव्हती, मिलोची होती. कारण तो जनावरांना घालतात असं सगळीकडे झालं होतं. धान्य चांगलं की वाईट हे कुणी बघितलं नाही, कुणाच्या ताटात आहे ते बघितलं. आज मिलो म्हणजे ज्वारीच, आणि ज्वारीची भाकरी हैदराबादच्या मोठ्या हॉटेलांत 'मिलेट' म्हणून चांगल्या भावानं मिळते.

किड्यांचंही तसंच होऊ घातलंय. जागतिक अन्न संघटनेनं २०१३च्या अहवालात म्हटलं की जगात सुमारे २ अब्ज लोकांच्या खाण्यात किडे आहेत आणि १९००हून जास्त जाती खाल्ल्या जातात. युरोपनं २०२१ साली पिवळ्या भुंग्याच्या अळ्यांना खाद्य म्हणून मान्यता दिली. सिंगापूरनं जुलै २०२४ मध्ये १६ जातींना दिली. तिथं राहणाऱ्या माझ्या भाच्यानं लगेच कळवलं, "मामा, इथं रातकिड्यांची पूड घातलेली बिस्किटं आलीत." खाल्लं का विचारलं तर म्हणाला, पूड असेल तर चालेल, पाय दिसले तर नाही. जगभर लोकांचं उत्तर साधारण हेच असतं: दळून द्या, दाखवू नका. एक सूचना मात्र करतो. कोळंबी-खेकड्यांची ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये. किडे आणि कोळंबी जवळचे नातेवाईक आहेत, अंगावर तसंच उठू शकतं.

मी स्वतः खात नाही, आणि तुम्ही खा असंही म्हणत नाही. ज्याच्या जिभेला जे रुचेल ते त्यानं खावं. प्रश्न माझ्या ताटाचा नाहीच. दुसऱ्याच्या ताटाकडे बघून आपण जे तोंड करतो, त्याचा आहे.

कारण त्या तोंडाचा परिणाम होतो. अक्का आता नाहीत. त्यांचा मुलगा रिक्षा चालवतो, भेटतो अधूनमधून. मागच्या पावसाळ्यात मी त्याला विचारलं, घरी उसिळ्ळु करता का अजून? तो आधी हसला, मग इकडं-तिकडं बघून म्हणाला, "अब कहाँ साब. बच्चों को तो बोले भी नई, अम्मा ये खाती थी करके." त्याची मुलगी फार्मसीला आहे. लाखेचं आवरण कशावर असतं हे तिला शिकवतील. आपली आजी भुकेच्या दिवसांत काय खायची, किती कौशल्यानं, हे तिला कोण सांगणार? एका सुपापायी घरातली एक विद्या संपली.

तसंही आता पाखरं कमी दिसतात. काचीगुड्यात वारूळ कुठं उरलंय? माधापूर-गच्चीबावलीकडचे खडक फोडून टॉवर उभे राहिले. आपण नागपंचमीला कागदावरच्या वारुळाला दूध दाखवतो.

म्हणून मंडळी, एक विनंती. तुमच्या घरात, शालीबंड्यात, कुतबीगुड्यात, जांबागेत किंवा मराठवाड्यातल्या गावी या पाखरांना काय म्हणायचे? कोण धरायचं, कसं करायचं? घरी काम करणाऱ्या अक्कांना, गावाकडच्या गड्यांना विचारलंत तर उत्तम. आणि विचारताना नाक मुरडू नका. नाक मुरडलं की माणूस 'आम्ही नाही बुवा खात' एवढंच सांगतो. जे कळेल ते खाली लिहा. मी एकत्र करून ठेवीन.